नववा प्रश्न

"आक्का, खरं सांगा. ते फॉर्म बायकांनी स्वतःच भरले होते ना?"

सुवर्णाने हे विचारलं तेव्हा माझे हात कोपरापर्यंत ज्वारीच्या पिठात होते आणि समोर तव्यावर भाकरी होती. कडक भाकरीवरून नजर हटली की ती एक तर मऊ राहते नाहीतर करपते, मधलं काही नाही. म्हणून मी वळले नाही. तिथूनच म्हटलं, "मग काय मी भरले? शहाण्णव बायकांनी आपापल्या हाताने फुल्या मारल्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांना गुरुबाईने वाचून दाखवलं. तू सांगितलंस तसंच."

ती गेली नाही. कडेवर चार महिन्यांचं लेकरू घेऊन दारातच उभी राहिली. मला दारात उभं राहिलेलं माणूस आवडत नाही. आत ये नाहीतर बाहेर जा.

"काय झालं ते बोल."

"तुम्ही जरा आत येऊन बघता का? कॉम्प्युटरवर?"

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. सुवर्णा माझी धाकटी सून. लग्न ठरलं तेव्हा ती संख्याशास्त्र शिकत होती आणि पुढे पीएच.डी. करायची म्हणत होती. आमच्या भावकीत कुजबुज झाली की एवढं शिकलेली पोर चुलीपुढे बसणार का. मी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, चुलीपुढे बसायला माझ्याकडे शहाण्णव आहेत, ही बसली नाही तर भाकरी काही अडत नाही. मी स्वतः चौथीतून काढलेली. बोट ठेवून वाचते, सही करते, आणि भाकरीचे डबे मोजायला मला कागद लागत नाही. सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरचं आमचं कडक भाकरीचं केंद्र मी नवऱ्यामागे एका तव्यावर सुरू केलं होतं. त्या घरात एक डॉक्टर होणार, इंजेक्शनवाली नाही तरी डॉक्टर, हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत होते.

तिचा अभ्यास आमच्याच केंद्रावर होता. गृहउद्योगात काम करणाऱ्या बायकांचं समाधान किती, ते मोजायचं. बारा वाक्यं होती. प्रत्येकापुढे पाच चौकटी, "अजिबात पटत नाही"पासून "पूर्ण पटतं"पर्यंत, एक ते पाच. फॉर्म भरून घ्यायची वेळ आली तेव्हा हिला सातवा महिना होता आणि डॉक्टरने पलंगावरून उठायचं नाही म्हणून सांगितलं होतं. ती रडकुंडीला आली. मी म्हटलं, त्यात काय, मी घेते भरून, एका दुपारचं काम. पलंगावर पडल्या-पडल्या तिने मला तीन वेळा बजावलं होतं की बायकांना काही सुचवायचं नाही, त्यांचं त्यांना भरू द्यायचं. मी हो म्हटलं. फॉर्म भरून आणून तिच्या उशाशी ठेवले तेव्हाही, सांगितलं तसं झालं म्हणून सांगितलं.

हात धुऊन मी आत गेले. पडद्यावर आकड्यांची उतरंड होती. ती म्हणाली, "ही प्रत्येक ओळ म्हणजे एक प्रश्न. शेवटच्या रकान्यातला आकडा बघा. त्याला बहुसहसंबंधाचा वर्ग म्हणतात."

"नावानेच पोट भरलं. अर्थ सांग."

तिने लेकराला मांडीवर घेतलं. शिकवायला लागली की तिचा आवाज बदलतो, तेवढ्यापुरती ती कुणाची सून राहत नाही.

"समजा, एका बाईच्या अकरा प्रश्नांची उत्तरं मला माहीत आहेत. बारावं मी झाकून ठेवलंय. त्या अकरांवरून झाकलेलं उत्तर मला किती नेमकं ओळखता येईल? अजिबातच नाही आलं तर शून्य. तंतोतंत आलं तर एक. असं एकेक प्रश्न झाकून बाराही प्रश्नांचं काढायचं. प्रोग्राम काढून देतो."

"मी पण काढून देते. मोठ्या सुनेने चहात साखर किती घातली यावरून तिच्या माहेरचा फोन आला होता की नाही हे मी सांगते."

ती हसली नाही. माणसांच्या उत्तरांत हा आकडा साधारण पॉइंट तीन, पॉइंट चार, फार तर पॉइंट सहा येतो, म्हणाली. काही बाबतीत माणूस ओळखता येतो, काही बाबतीत नाही. मग तिने पडद्यावर बोट ठेवलं. पॉइंट सत्त्याण्णव. पॉइंट अठ्ठ्याण्णव. पॉइंट शहाण्णव. पुन्हा अठ्ठ्याण्णव. खालपर्यंत तसंच. फक्त नवव्या प्रश्नापुढे पॉइंट बारा.

"अकरा पास, एक नापास. मग वाईट काय आहे?"

"आक्का, इतकं जुळत नसतं. मी तीन वेळा फॉर्म पुन्हा टाकून बघितले, माझीच चूक असेल म्हणून. माझ्या गाईड सरांना पाठवलं. त्यांचा फोन आला होता." ती लेकराच्या टाळूवरून हात फिरवत राहिली. "ते म्हणाले, फॉर्म बनावट आहेत. मी घरी बसून भरलेत. उद्या बोलावलंय. नोंदणी रद्द करण्याचं पत्र लिहिणार आहेत."

माझ्या अंगाची लाही झाली. माझ्या घरात कुणी खोटा डबा विकलेला नाही. एक भाकरी कडेला फुटली तर ती डब्यात जात नाही, तुकड्यांच्या पोत्यात जाते. आणि कुणी एक उठतो आणि माझ्या सुनेला बनावट म्हणतो. मी तिला विचारलं, तू काय सांगितलंस त्यांना. म्हणाली, फॉर्म खरेच आहेत म्हणून सांगितलं. आणि त्या दिवशी तू पलंगावर होतीस, ते? ते सांगितलं नाही, कारण फॉर्म स्वतः समोर बसून भरून घ्यायचे असा नियम होता.

"उद्या मी येते," मी म्हटलं.

"नको आक्का."

"मी विचारलं नाही, सांगितलं."

सकाळी निघायच्या आधी केंद्रात चक्कर टाकली. मागच्या बाजूला चंद्रव्वा आणि एक नवी पोर अशा दोघी संडासाकडे चाललेल्या. हे रोजचं होतं. एक गेली की दुसरी मागोमाग, आत एक, बाहेर एक, आणि बाहेरचीचं तोंड सुरू. त्या दिवशी तर माझं डोकं आधीच तापलेलं. मी तिथूनच ओरडले, दोघी-दोघी कशाला जाता गं, वरात आहे का? तवे थंड पडतात तिकडे. चंद्रव्वा माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, पहिल्या तव्यापासूनची. तिने पदर डोक्यावर ओढला आणि काही न बोलता परत फिरली. नवी पोर एकटी आत गेली नाही, तीही परतली. बघा, म्हटलं, गप्पाच मारायच्या होत्या.

सुवर्णाच्या सरांचं नाव उंब्रजकर. किडकिडीत माणूस, टेबलावर स्टीलची बाटली, भिंतीवर कसलेसे तक्ते. मी कडक भाकरीची पिशवी आणि शेंगांच्या चटणीचा पुडा घेऊन गेले होते. कुणाकडे रिकाम्या हाताने जायचं नाही ही सवय, भांडायला गेलं तरी. त्यांनी मला बसायलाही सांगितलं नाही. सुवर्णाला विचारलं, या कोण. तिने सांगितलं, सासूबाई. यांना कशाला आणलंस?

"तिने आणलं नाही. मी आले," मी म्हटलं आणि खुर्ची ओढून बसले. "महादेवी कोरे. ज्या केंद्रावरचे फॉर्म तुम्हाला खोटे वाटतात ते माझं केंद्र."

"आजी, रागावू नका..."

"आजी मी माझ्या नातवाची. तुम्ही मला बाई म्हणा, नाहीतर काहीच म्हणू नका."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग थोडं सावरून बोलले. राग कशाचा नाही, म्हणाले, हा त्यांचा निकाल नाही, आकड्यांचा आहे. ते रोज असले आकडे बघतात. गावाकडच्या मुली येतात, लग्न होतं, मूल होतं, फॉर्म भरायला वेळ मिळत नाही. मग घरी बसून एका पेनने भरतात. शाई बदलतात, फुली बदलतात, पण डोकं बदलता येत नाही. पकडलं जातं ते इथेच. सुवर्णा खाली मान घालून उभी होती. तिला बस म्हणायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, माझ्याही.

मी म्हटलं, तुम्ही आमच्या केंद्रावर या. शहाण्णव जणींना समोर उभं करते. एकेकीला विचारा, हाताने फुली मारलीस की नाही. त्या देवाची शपथ घेऊन सांगतील.

सरांनी कपाटातून फॉर्मचा गठ्ठा काढला आणि माझ्यापुढे पत्ते वाटावेत तसे एकेक टाकायला लागले.

"हा बघा. पाच, पाच, पाच, पाच. हा बघा. चार, चार, चार. हा तीन, तीन, तीन. पुन्हा पाच. कामाची वेळ सोयीची आहे का, पाच. मजुरी वेळेवर मिळते का, पाच. जागा स्वच्छ आहे का, पाच. तुम्ही एवढी माणसं सांभाळता ना, बाई? तुम्हीच सांगा. शहाण्णव माणसांचं अकरा बाबतीत असं एकसारखं असतं?" त्यांनी गठ्ठ्यावर हात ठेवला. "ही शहाण्णव माणसं नाहीत. हे एक माणूस आहे."

मी पिशवी मांडीवर ओढून घेतली.

सुवर्णा पुढे आली. तिने गठ्ठा उचलला आणि वरच्या कोपऱ्यात बघत एकेक फॉर्म वेगळा ठेवायला लागली. वरच्या कोपऱ्यात केंद्रावर किती वर्षं काम करता ते लिहिलेलं होतं. टेबलावर तीन ढीग झाले. मी त्या ढिगांकडे बघत होते आणि माझ्या लक्षात आलं की ती काय करतेय ते मला तिच्याआधी कळलंय. ज्यांनी पाच मारलेले त्या सगळ्या दहा वर्षांवरच्या. ज्यांनी चार मारलेले त्या तीन ते दहा. ज्यांनी तीन मारलेले त्या नव्या.

दिवाळीला मी साड्या वाटते त्या अशाच. दहा वर्षांवरच्या जुन्यांना इरकल, मधल्यांना साधी सुती, तीन वर्षांच्या आतल्या नव्यांना झंपरचं कापड. सुवर्णाने तीन दिवाळ्या माझ्या शेजारी बसून त्या साड्यांना चिठ्ठ्या लावल्या होत्या.

तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. एवढंच. मग ती सरांकडे वळली.

"सर, चूक माझी आहे. मी लक्ष द्यायला पाहिजे होतं. तुम्हाला पत्र लिहायचं असेल तर लिहा."

मला आजही कुणी विचारलं की तुला सगळ्यात जास्त राग कधी आला, तर मी तो क्षण सांगेन. सरांचा नाही, त्या पोरीचा. तिने मला न विचारता माझ्यावर पांघरूण घातलं. दहा लोकांचं वाईट ऐकून जे घर मी उभं केलं त्यात आता ही, काल आलेली, मला वाचवणार. आणि मी पिशवी मांडीवर धरून बसणार.

"ती खोटं बोलतेय," मी म्हटलं. "ती तिथे नव्हतीच. पोटुशी होती, पलंगावर होती. फॉर्म मी भरून घेतले."

मग सगळं सांगितलं, जसं झालं तसं. मोठ्या खोलीत सतरंज्या टाकल्या होत्या. तीन रांगा, पुढे जुन्या, मग मधल्या, मागे नव्या. आमच्याकडे जेवायलाही तसंच बसतात. गुरुबाई दहावी झालेली, ती वाक्य वाचायची. पहिलं वाक्य वाचून झालं आणि सगळ्या बायकांनी पेन हातात धरून माझ्याकडे बघितलं. मी काही आधीपासून ठरवून गेले नव्हते. पण शहाण्णव माणसं तोंडाकडे बघत असली की माणूस काहीतरी बोलतोच. आणि मनात हेही होतं की हे कागद कॉलेजात जाणार, माझ्या केंद्राचं नाव त्यावर, कुणी वेडीने समाधान नाही म्हणून फुली मारून ठेवली तर? मी म्हटलं, पाच मारा. मग वाटलं, सगळ्यांनी कसं पाच? पंधरा वर्षं चूल सोसलेल्या चंद्रव्वाने पाच आणि परवा आलेल्या पोरीनेही पाच, हा काय न्याय झाला? म्हणून म्हटलं, जुन्यांनी पाच, मधल्यांनी चार, नव्यांनी तीन. नव्यांना अजून वर चढायला जागा पाहिजे. प्रत्येक वाक्याला तेच. दोघी-तिघींनी गडबडीत चौकट चुकवली, तेवढंच काय ते वेगळं.

"मी कुणाचा हात धरला नाही," मी म्हटलं. "पण डोकं माझंच होतं. एक माणूस म्हणालात, ते मी."

सरांनी तिन्ही ढिगांतले फॉर्म चाळले. मग त्यांनी नेमकी जी गोष्ट विचारायला नको होती ती विचारली.

"मग नववा प्रश्न का वेगळा आला?"

मला आठवलं. पुण्याला माल नेणारी पिकअप संध्याकाळी यायची होती ती लवकर आली. दारात हॉर्न वाजला. मी उठून गेले, डबे मोजून चढवले, ड्रायव्हरशी दोन शब्द झाले. परत आले तेव्हा गुरुबाईला विचारलं होतं, कितवा चाललाय. दहावा, म्हणाली. तिनेच नंतर सांगितलं, मी नव्हते तेव्हा बायका दाराकडे बघत बसल्या, आणि तिने, आपापलं मारा गं, एवढं म्हणून पुढचं वाचलं.

"नववा काय आहे?" मी सुवर्णाला विचारलं.

तिने ढिगातला एक फॉर्म उचलला.

"वाच."

"कामात काही त्रास असेल तर तो मी केंद्रप्रमुखांना न घाबरता सांगू शकते." तिने फॉर्मवर नजर ठेवून वाचलं.

"आणि किती जणींनी काय मारलंय?"

"आक्का, राहू दे ना."

"सुवर्णा."

"एकसष्ट जणींनी, अजिबात पटत नाही."

जुन्या, मधल्या, नव्या, सगळ्या मिसळून. मी ढीग पुढे ओढून स्वतः बघितलं. चंद्रव्वाचा फॉर्म मला ओळखता येतो, ती फुली मारताना कागद फाडते. बाकी सगळे पाच. नवव्याला एक. तिथे कागद फाटला होता.

उंब्रजकर सरांचा आवाज आता मऊ झाला होता, आणि तो मला आधीच्या आवाजापेक्षा जास्त झोंबला. ते सुवर्णाला सांगत होते की हा नववा प्रश्न असाही ठेवता आला नसता. पद्धतच तशी आहे, ज्या प्रश्नाचा आकडा एवढा खाली येतो तो बाकीच्यांशी जुळत नाही असं धरून वगळतात. म्हणजे पुढच्या वेळेला...

"पुढच्या वेळेला नाही," मी म्हटलं. "तो वगळायचा नाही. ते बाकीचे अकरा काढून टाका. सगळ्या गठ्ठ्यात माणसाने दिलेलं उत्तर तेवढं एकच आहे."

सरांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, महिनाभरात फॉर्म नव्याने भरून घ्या. सुवर्णाने स्वतः समोर बसून. आणि पहिल्यांदा काय झालं ते प्रबंधात लिहायचं, लपवायचं नाही. पत्र ते लिहिणार नाहीत.

"एवढ्यावर मी उठत नाही," मी म्हटलं. "माझ्यासमोर हिला बनावट म्हणालात. ते परत घ्या."

"घेतलं, बाई."

"तिला सांगा, मला नाही."

त्यांनी तिच्याकडे बघून सांगितलं. मग बसायलाही सांगितलं, उशिरा का होईना. पण निघताना भाकरीची पिशवी मी परत उचलली. चुकले मी असेन, तरी गावाकडच्या मुली घरी बसून भरतात म्हणणाऱ्याला माझी भाकरी खाऊ घालण्याइतकी मी मोठी नाही.

परतताना गाडीत माझा राग बाहेर पडला. एकसष्ट. कुणाच्या पोरीच्या लग्नाला मी उभी राहिले नाही? सिद्धव्वाचा नवरा दारू पिऊन केंद्रावर आला तेव्हा लाटणं घेऊन कोण धावलं? मीच ना? आणि मला घाबरता? मी सुवर्णाला हे सगळं ऐकवलं, नाव घेऊन घेऊन. ती ऐकत राहिली. कुंभारीचा फाटा आला तेव्हा म्हणाली, "आक्का, आत्ता तुम्ही माझ्याशी जसं बोलताय ना, तसं बोलल्यावर कोण काय सांगणार?"

मला वाटलं, गाडी थांबवून हिला उतरवावं. उतरवलं नाही, लेकरू घरी वाट बघत होतं.

आठ दिवसांनी पुन्हा सतरंज्या टाकल्या. सुवर्णाने बायकांना हवं तिथे बसा सांगितलं आणि मला म्हणाली, आक्का, तुम्ही आज इथे नको. माझ्याच केंद्रातून मला बाहेर काढलं. मी रस्ता ओलांडून महिबूबच्या पंक्चरच्या दुकानात बाकड्यावर जाऊन बसले. त्याने चहा दिला, काय आक्का, आज तुमचीच सुट्टी का, म्हणून विचारलं. मी म्हटलं, तू तुझं टायर बघ. दोन तास गेले. आतून आवाज नाही, हसणं नाही. मला वाटत होतं, नववा आला असेल, आता नववा असेल. किती वेळा वाटलं त्याला हिशेब नाही.

मग बायका बाहेर यायला लागल्या. कुणी माझ्याकडे बघितलं, कुणी बघितलं नाही. चंद्रव्वा एकटी रस्ता ओलांडून आली आणि बाकड्यापुढे उभी राहिली.

"बोल," मी म्हटलं. मग सुवर्णाचं आठवलं. जरा सरकून जागा केली. "बस. मग बोल."

ती बसली नाही. "संडासाला कडी नाही, आक्का."

"काय?"

"आतून कडी नाही. पहिल्याच महिन्यात निघाली. म्हणून दोघी जातो. एक दाराशी उभी राहते. मालवाले येतात, ड्रायव्हर येतात मागे पाणी प्यायला." तिने पदर दाबून धरला होता. "नव्या पोरी दुपारपर्यंत पाणीच पीत नाहीत."

तो संडास बांधून चार वर्षं झाली होती. मी फीत कापली होती, पेढे वाटले होते, पाहुण्या आलेल्या अधिकारीण बाईंना हाताला धरून दाखवला होता. मी स्वतः तिथे कधी गेले नव्हते, माझं घर शेजारी.

"चार वर्षं? आणि एकीलाही सांगता आलं नाही?"

"कसं सांगणार? तुम्ही एवढं सगळ्यांना दाखवत होता." मग माझ्याकडे न बघता, "आणि तुम्ही वरात म्हणाला त्या दिवशी, ती पोर संध्याकाळपर्यंत तशीच राहिली."

माझ्या तोंडापर्यंत पुष्कळ आलं होतं. तुमच्या जिभा झडल्या होत्या का, इथपासून सुरू होणार होतं. ते मी गिळलं. गिळायची मला सवय नाही.

सुवर्णाने आठवड्याने ते सगळं पुन्हा प्रोग्राममध्ये टाकलं. या वेळेला शेवटच्या रकान्यात आकडे वरखाली होते, पॉइंट तीन, पॉइंट पाच, एक कुठे पॉइंट दोन. ती म्हणाली, आता ही माणसं आहेत. नवव्याचा आकडा सांगू का, म्हणाली. मी नको म्हटलं. दोन वर्षांनी तिचा प्रबंध छापून आला, जाड काळ्या पुठ्ठ्याचा. त्यात पहिल्या फॉर्मवर चार पानं आहेत. माझं नाव नाही, नुसतं केंद्रप्रमुख लिहिलंय. मी बोट ठेवून चारही पानं वाचली. एक शब्दही तिने माझ्या बाजूने लिहिलेला नाही. तसा लिहिला असता तर मी तिला माफ केलं नसतं.

पण ते नंतरचं. त्या दिवशी मी बाकड्यावरून उठले ती तशीच चौकातल्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. जाड लोखंडी कडी घेतली, स्क्रू घेतले, महिबूबकडून पाना आणि स्क्रूड्रायव्हर मागून घेतला. सुताराला बोलावते म्हणून सुवर्णा मागे लागली होती, तिला घरात पाठवलं. फळी जुनी, स्क्रू फिरेना. तळहाताला फोड आला. तरी बसवली.

मग आत गेले, दार ओढलं आणि कडी लावून बघितली. लागली. दोन वेळा काढून पुन्हा लावली. आत बारीक खिडकीतून उजेड येत होता, तेवढ्या उजेडात फळीवर जुन्या कडीची चार भोकं दिसत होती. मी तिथेच थोडी उभी राहिले. बाहेर मातीत पाय घासल्याचा आवाज आला.

"कोण आहे?"

"मी, चंद्रव्वा."

"काय करतेस तिथे?"

"उभी आहे," ती म्हणाली. "तुम्ही आत आहात म्हणून."

"जा तू," मी आतून म्हटलं. "कडी लागली आहे."